बीबींचा उलटा प्रश्न

बीबींना कुणी काही विचारलं की त्या आधी उत्तर द्यायच्या आणि मग तोच प्रश्न समोरच्याला विचारायच्या. मुलं किती, घर कुठे, नवरा कसा वागतो, काहीही. समोरचा गप्प राहिला तर हाताची घडी घालून वाट बघायच्या. मी जन्मभर विचारलं तेवढंच सांगत आले, डॉक्टरांना, कौन्सिलच्या माणसांना, सुनेच्या मैत्रिणींना. उलटं विचारता येतं हे मला बीबींना बघून कळलं.

त्या रोमा, रोमानियातून आलेल्या. इकडचे लोक त्यांना जिप्सी म्हणतात, ते त्यांना आवडायचं नाही. त्यांच्या बोलीत बीबी म्हणजे मावशी किंवा आत्या. लहानमोठे सगळे त्यांना बीबीच म्हणत, म्हणून मीही. त्या मला सिस्टर म्हणायच्या. मँचेस्टरला मुलाकडे आल्यावर मी दर गुरुवारी कम्युनिटी सेंटरच्या स्वयंपाकघरात मदतीला जाऊ लागले, तिथे ओळख झाली. दोघींचं इंग्रजी मोडकं होतं, पण आमचं भागायचं.

भांडी धुवायला त्या घरून स्वतःचा निळा टब आणायच्या. त्यात फक्त ताटंवाट्या. हात, कपडे, पुसायचं फडकं, काहीही त्यात गेलेलं चालायचं नाही. एकदा कुणीतरी चहाच्या कपांचं फडकं फरशीच्या फडक्याबरोबर मशीनमध्ये टाकलं. बीबींनी ते चिमटीत धरून सरळ कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं. मॅनेजरबाई म्हणाल्या, धुतलंय की. बीबी म्हणाल्या, "धुतलंय. पण चुकलंय." मला आईचं सोवळं आठवलं. त्या टबाला त्यांनी मला कधी हात लावू दिला नव्हता.

मग युनिव्हर्सिटीतून एक मुलगी आली. मूळची आपली मराठी, पण जन्म इथला, वाढलेली लंडनच्या स्टॅनमोर भागात. रोमा लोकांवर तिचा रिसर्च होता. बीबींच्या बोलीतही पाण्याला पाणी आणि नाकाला नाकच म्हणतात, हे कळल्यावर ती हरखून गेली. बीबी म्हणाल्या, "नाक सगळ्यांना असतं." तिने संमतीचा फॉर्म पुढे केल्यावर बीबींनी एक अट घातली. जे लिहिशील ते युनिव्हर्सिटीला देण्याआधी इथे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. मुलीने मान्य केलं. मग तिने विचारलं, आजवर किती घरं बदलली? बीबींनी सांगितलं, आणि तिला विचारलं, "तू किती?" मुलगी म्हणाली, तीन. "का?" आईवडील वेगळे झाले म्हणून, असं ती हळूच म्हणाली. बीबींनी तिच्या ताटात आणखी एक भरली मिरची वाढली.

मुलगी माझ्याशी मराठीत बोलायची. "मावशी, तुमचा आवाज किती छान आहे, पण तुम्ही कधी बोलतच नाही." परक्या देशात कुणी मावशी म्हटलं की माणूस विरघळतं. एका गुरुवारी तिने मलाही फॉर्म दिला, मी सही केली, आणि चहा गाळता गाळता बीबींच्या घरातली एक गोष्ट तिला सांगून बसले. ती त्यांनी मला एकटीला सांगितली होती. बाहेर गेली असती तर घरमालकाने त्यांना काढलं असतं. मला वाटलं, शिकलेली मुलगी आहे, त्यांच्या भल्याचंच लिहील.

वाचनाचा दिवस आला. सेंटरमध्ये पंधरा-वीस माणसं होती. मुलगी वाचत होती आणि एक तरुण रोमा बाई बाकीच्यांना त्यांच्या बोलीत समजावत होती. मी सांगितलेल्या गोष्टीचं वाक्य आलं. नाव बदललेलं होतं, पण निळा टब तसाच होता. सगळ्यांनी बीबींकडे बघितलं. बीबींनी विचारलं, हे कुणी सांगितलं? मुलगी म्हणाली, ते मला सांगता येत नाही, नियम आहे. म्हणजे मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी हातातला कपांचा ट्रे खाली ठेवला. मी म्हटलं, "मी सांगितलं."

बीबींनी माझ्याकडे बघितलंही नाही. मुलीला म्हणाल्या, "काढ." ती रडवेली होऊन म्हणाली, बीबी, सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे, माझ्या सरांनी त्याचंच कौतुक केलंय. बीबी म्हणाल्या, "माझ्याकडे आलीस, मी वाढलं ते जेवलीस. फडताळातले डबे उघडायचे नाहीत."

मुलगी लॅपटॉप घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेली. फोनवर बराच वेळ बोलत होती. परत आली तेव्हा डोळे लाल होते. काढलं, म्हणाली, आणि ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं. बीबींनी तिला जवळ बसवून जेवायला घातलं.

माझ्याशी मात्र पुढचे दोन गुरुवार बोलल्या नाहीत. तिसऱ्या गुरुवारी निळा टब माझ्यापुढे सरकवला. "भांडी धू." मी धुवायला लागल्यावर शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "माझं दिलंस. आता तुझं एक दे." मी सांगितलं की माझी शाळा चौथीतच सुटली. सून मैत्रिणींना मी रिटायर्ड टीचर आहे असं सांगते आणि मी मान हलवते. त्या फॉर्मवर काय लिहिलंय ते न कळताच मी सही केली होती.

बीबी पोट धरून हसल्या. "मलाही वाचता येत नाही. म्हणून तर तिला मोठ्याने वाचायला लावलं. तू काय केलंस?"

आता बीबी आपल्या मुलाबरोबर दुसऱ्या गावी राहायला गेल्या आहेत. मध्ये मी फोन करून विचारलं, तुमच्याविषयी माझ्या वहीत लिहू का? त्यांनी विचारलं, "कोण वाचणार?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग मला वाचून दाखव. आणि तुझंही लिही."

काल मी वरचं सगळं फोनवर वाचलं, आधी मराठीत, मग जमेल तसं इंग्रजीत सांगत. मराठी कळत नसूनही त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग एक वाक्य काढायला सांगितलं. सगळ्या लिखाणात मला तेच जास्त आवडलं होतं. मी ते खोडलं आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं.