दफेदार मामांचा दोरा

दफेदार मामांच्या सदऱ्याच्या खिशात कायम दोऱ्याची गुंडी असायची. किराणा दुकानात पुड्या बांधतात ना, तो साधा पांढरा दोरा. मी घोडीवर बसले की मामा लगाम तिच्या तोंडाजवळच्या कडीतून सोडवायचे, कडी आणि लगामाच्या मध्ये बोटभर दोरा बांधायचे आणि म्हणायचे, "चला डॉक्टरीणबाई. तुटला की उतरायचं." मामा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या दोऱ्याचा मला अजून राग येतो.

मी जनावरांची डॉक्टर. सत्त्याण्णव साली नरसीच्या बाजूला बदली झाली. फौजेच्या घोडदळातून गुडघा निकामी होऊन परतलेले मामा तिथल्या तांड्यावर शेती बघायचे आणि चांदणी नावाची घोडी सांभाळायचे. मला पुण्याच्या स्पर्धेत उतरायचं होतं. उड्यांच्या नाही, चालीच्या. त्यात घोड्यानं मागच्या पायांवर भार घेऊन, पुढून हलकं होऊन, आपला तोल आपणच सांभाळायचा असतो. कॉलेजात मी घोडेस्वारीची बक्षिसं मिळवली होती. मामा दोन महिन्यांत शिकवतील, असं मी धरून चालले होते.

कसलं काय! मोकळ्या वावरात दुडक्या चालीनं नुसतं गोल फिरायचं. जरा हात आवळला की दोरा तट्‌कन तुटायचा. उतरा, बांधा, पुन्हा चढा. मामा बांधावरून ओरडायचे, "हातानं काहून चालवून राहिल्या? तिला पाय न्हाईत का?"

"मामा, सोडलं की ती पुढे पडते!"

"पडू द्या. तिचं तिला समजंल."

एका सकाळी दोरा अकरा वेळा तुटला. माझं डोकंच फिरलं. मी टोपी काढून ढेकळांत आपटली. मामा शांतपणे म्हणाले, "टोपी उचला. घोडी बुजंल."

दोरा न तुटता एक पुरी फेरी झाली की अर्ज पाठवायचा, अशी त्यांची अट होती. मुदतीला तीन दिवस उरले आणि मला नको ती अक्कल सुचली. वरातीच्या घोड्यांची मान दोरीनं छातीकडे ओढून बांधतात, म्हणजे ती छान वाकलेली दिसते. मामा यायच्या आत मी तसंच केलं, दोराही मीच बांधला. फेरी पुरी झाली. दोरा कशाला तुटतोय! मी विजयी मुद्रेनं थांबले. मामा पाय ओढत आले, चांदणीच्या छातीखाली हात घातला आणि दोरी चाचपली.

"नवरदेव कुठं हाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही मान दोरीनं धरली, बाई. तिनं काय धरलं?" एवढंच बोलून ते घोडी घेऊन निघून गेले.

अर्ज टेबलाच्या खणातच राहिला. चार दिवस मी तिकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी गेले, तर मामांनी काही झालंच नाही अशा थाटात खिशातून गुंडी काढली.

पुढे वर्षभर तेच. आणि मग बदलीचा हुकूम आला. उद्या पहाटे सामानाचा ट्रक निघतोय, हे मामांना सांगूनच मी शेवटचं घोडीवर बसले. चौथ्या फेरीला काय झालं कोण जाणे. चांदणीची पाठ माझ्याखाली उचलली गेली, मागचे पाय पोटाखाली आले, हातातलं ओझं नाहीसं झालं. मी हात पुढे सोडले. लगाम लोंबला, तरी चांदणी तशीच, आपल्या तोऱ्यात, आपल्या तोलात! आठ, नऊ, दहा पावलं.

"बस. उतरा."

"आत्ता? मामा, आत्ता कुठे जमलंय! एक फेरी तरी..."

"जमलं म्हणूनच उतरा. बराबर केलं, हे तिला कळू द्या."

मी उतरले. रागानं रडू फुटलं होतं. इतक्या दिवसांची दहा पावलं! मामांनी आधी चांदणीच्या मानेवरून हात फिरवला, मग माझ्या डोक्यावरून. मग गाठ सोडून तो न तुटलेला दोरा काढला आणि सावकाश बोटावर गुंडाळला. आठवण म्हणून देताहेत असं वाटून मी हात पुढे केला.

त्यांनी तो खिशात टाकला.

"ऱ्हाऊ द्या," चांदणीकडे बघत ते म्हणाले, "उद्याला हिला लागंल."