बसायला काय जातंय

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, लातूरला झालं, आणि त्या वर्षी लातुरात पाणी नव्हतं. सासर देगलूरचं, नवरा नांदेडला नोकरीला. देगलूरच्या घरामागच्या आडाला तळाशी तरी ओल होती. सासूबाई म्हणाल्याही, "इथंच ऱ्हा की. तिकडं काय हाय?" पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, आणि मला माहेरचे लाड करून घ्यायचे होते. हट्टानं गेले. गेल्यावर दिसलं की माझ्या लाडापायी अव्वाच्या, म्हणजे माझ्या आईच्या, डोक्यावरच्या घागरी वाढल्या आहेत.

जिल्हा तेव्हा नवा होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. मग साहेब आले, कचेऱ्या आल्या, साहेबांचे बंगले आले आणि पावसानं दडी मारली. आमचा नळ आठवडा आठवडा कोरडा, बंगल्यांच्या दारात मात्र टँकर. हे सगळ्यांना दिसत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. जे दिसतंय ते भर चौकात मोठ्यानं बोलणारा एक नवा पक्ष मग गावात आला. त्याची पोरं सभेत विचारायची, "जिल्हा तुमचा, मग पाणी त्यांचं कसं?" लोक टाळ्या वाजवायचे. मी बाळंत झाले नसते तर मीही वाजवल्या असत्या.

पुढं मात्र 'ते' म्हणजे कोण, हे हळूहळू बदलत गेलं. आधी ते म्हणजे बंगल्यातले साहेब होते. मग पुण्या-मुंबईचे पुढारी झाले. नगरपालिकेची निवडणूक जवळ आली तोवर ते म्हणजे पलीकडच्या गल्लीतले मुसलमान झाले होते, ज्यांच्या नळालाही आमच्याइतकंच पाणी नव्हतं.

माझ्या वडिलांनी हे सगळ्यात आधी ओळखलं. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गाव गुरुजी म्हणायचं. कपाळाला विभूतीचे पट्टे, धुवून धुवून विरलेलं धोतर, आणि निवृत्त झाले तरी आवाज वर्गातलाच. निजामाच्या राज्यात ते उर्दूतून शिकले आणि जन्मभर मराठीतून शिकवलं. रोज संध्याकाळी उर्दू शाळेचे जुने हेडमास्तर आमच्या ओट्यावर यायचे. त्यांना आम्ही मास्टरसाब म्हणायचो. पलीकडच्या गल्लीतच त्यांचं घर. दोघं मिळून एकच उर्दू पेपर घ्यायचे, अर्धा अर्धा वाचायचे, आणि समोरच्यानं आपल्या अर्ध्यातली बातमी चुकीची सांगितली म्हणून भांडायचे. लहानपणापासून मी त्या भांडणाच्या आवाजात अभ्यास केला आहे.

गावातल्या शहाण्या माणसांनाही त्या पक्षाची काळजी लागली होती. वकील, डॉक्टर, कॉलेजातले प्राध्यापक वाचनालयात बैठका घ्यायचे. "लोकांना कळतच नाही," असं सगळे एकमेकांना सांगायचे. आप्पा तिथं तावातावानं बोलायचे. "ही पोरं आज कलेक्टरला शिव्या द्यायलीत, तुम्हाला गोड वाटतंय. उद्या शेजाऱ्याला देतील." बोलून बोलून घसा बसवून घरी यायचे आणि रांजणातून अर्धा तांब्या पाणी प्यायचे. अव्वा लगेच रांजणात डोकावायची. मला त्या बैठकांचा राग यायचा. त्यातल्या बहुतेकांच्या घरी बोअर होतं. बैठकीला चहा असायचा, आणि चहाचं पाणी कुठून आलं हे एकालाही विचारावंसं वाटायचं नाही.

आमच्या वॉर्डात त्या पक्षानं उभा केलेला उमेदवार आप्पांचाच जुना विद्यार्थी होता. सायकलचं दुकान होतं त्याचं. एक दिवस तो आला, आप्पांच्या पाया पडला, माझ्या बाळाच्या हातात नोट ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, शनिवारी आपली सभा हाय. गावातल्या जुन्या शिक्षकांचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, बस. तुम्ही काही बोलायचं न्हाई. निस्तं बसायचं."

आप्पा म्हणाले, "तुझ्या पक्षाबद्दल मी काय बोलतो ते ऐकलं न्हाईस का?"

"ऐकलं की. तुमचा हक्क हाय गुरुजी, कान धरायचा." तो हसला. दारातून बाहेर पडता पडता अव्वाच्या हाताकडं बघून त्यानं विचारलं, "काकू, हाताला काय झालं?" घागर उचलताना अव्वाचं मनगट लचकलं होतं, त्यावर हळदीचा लेप होता. "अरेरे. आपले टँकर सुरू झालेत बघा, सोमवारपासून या बाजूलाही पाठवायचा विचार हाय," असं म्हणून तो गेला. दोन गोष्टी त्यानं जोडल्या नाहीत. तेवढी अक्कल त्याला होती, आणि त्या जोडून घ्यायची मला.

आप्पांनी जायचं नाही असं ठरवलं होतं. त्यावर घरात चर्चाही नव्हती. मीच काढली. बाळाचे लंगोट कालच्या पाण्यात धुऊन पिवळे पडले होते, माझ्या केसांना कितीतरी दिवस पाणी लागलं नव्हतं, अंगाला दुधाचा आंबूस वास येत होता, आणि समोर अव्वा डाव्या हातानं भाकरी थापत होती. मी म्हटलं, "जा की आप्पा. बसायला काय जातंय?"

ते म्हणाले, "बसायलाच जातंय सगळं."

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमच्या तत्त्वांनी लंगोट धुता येत नाहीत." हे मी कुजबुजत नाही, चांगलं ओरडून म्हटलं. बाळ दचकून रडायला लागलं. आप्पा उठून ओट्यावर गेले. शनिवारी संध्याकाळी त्यांनी धोतर बदललं, विभूती लावली आणि टोपी घालून निघाले. जाताना माझ्याकडं बघितलं नाही. मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

सभेचा कर्णा घरापर्यंत ऐकू यायचा. मी बाजेवर, खालच्या शेगडीचा शेक घेत पडले होते. आधी सत्कार झाले. आप्पांचं नाव पुकारल्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, आणि मला क्षणभर अभिमान वाटला. जिल्हा झाला त्या दिवशीच्या समारंभात या माणसाला कुणी मागच्या रांगेतसुद्धा बोलावलं नव्हतं. मग उमेदवार बोलायला उभा राहिला. "आज गुरुजींचा हात आपल्या डोक्यावर हाय," तो म्हणाला. आणि थोड्याच वेळानं, पलीकडच्या गल्लीवाल्यांना पाणी पाहिजे असंल तर त्यांनी खुशाल हैदराबादला जावं, तिकडं त्यांच्या नवाबाची विहीर हाय, असं म्हणाला. लोक खदाखदा हसले. कर्ण्यातून ते हसू आमच्या माजघरात आलं. त्या वेळी माझे वडील त्याच्या मागं खुर्चीवर, खांद्यावर त्याचीच शाल घेऊन बसले होते. ज्याची शाल अंगावर, त्याला चारचौघांत बोल लावायचा हे आमच्या घराच्या वळणात नव्हतं. ते वळण त्या पोराला पक्कं ठाऊक होतं. आप्पांनीच शिकवलेला होता तो.

सोमवारी टँकर आला. अव्वानं रांजण भरला, पिंप भरलं, घरातली होती नव्हती ती पातेली भरली. मी डोक्यावरून न्हाले. बंबातलं कढत पाणी पाठीवरून वाहत गेलं तेव्हा इतकं बरं वाटलं की मी न्हाणीत बसून रडले. आप्पा ओट्यावर एकटेच पेपर वाचत होते. सगळा पेपर त्यांच्या हातात होता. मास्टरसाब रविवारी आले नव्हते, सोमवारीही आले नाहीत.

मी गप्प बसले नाही, हे मला सांगायला हवं. बाळाला बघायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगितलं, की आप्पांना मी पाठवलं, पाण्यासाठी पाठवलं, त्यांच्या मनात नव्हतं. एकीनंही विश्वास ठेवला नाही. "लेक ती लेक," म्हणाल्या, "बापाची लई माया." शेजारची तर डोळे टिपायला लागली. वाचनालयातले एक प्राध्यापक आले होते, त्यांनाही मी आतून सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, "असू द्या ताई. सत्काराचा मोह भल्याभल्यांना होतो." जाऊन जाऊन मी कुणाकडं कबुली देणार? गावानं आपला निकाल आधीच लावला होता: गुरुजी तिकडं गेले.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आप्पा लवकर जेवले आणि ओट्यावर जाऊन बसले. दर निवडणुकीला त्या संध्याकाळी आमच्याकडं माणसं यायची. जुने विद्यार्थी, गल्लीतल्या बाया, भाजीवाले. "गुरुजी, यंदा कुणाला?" असं विचारायची. आप्पा नाव कधीच सांगायचे नाहीत. समोरच्यालाच प्रश्न विचारून भंडावून सोडायचे, पण माणूस उठताना काहीतरी ठरवून उठायचा. त्या वर्षी आप्पांनी काय विचारायचं ते मनाशी पक्कं केलेलं असणार, कारण मधूनच त्यांचे ओठ हलत होते. अव्वानं सतरंजी टाकली होती. दिवेलागण झाली, समोरच्या घरातली पोरं झोपली, सतरंजीवर कुणी बसलं नाही. लोकांना विचारायचं काही उरलं नव्हतं. त्यांचं उत्तर त्यांना शनिवारीच दिसलं होतं, व्यासपीठावर, शाल पांघरून बसलेलं. मी दारातून दोनदा म्हटलं, "आप्पा, आत चला." ते म्हणाले, "थांब, येईल कुणीतरी."

वॉर्ड त्या पोरानं जिंकला. गुलाल घेऊन पहिल्यांदा आमच्याच दारात आला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमच्यामुळं." आप्पांनी गुलालाला कपाळ पुढं केलं नाही. त्यानंच बोट विभूतीवरून फिरवलं. दुसऱ्या आठवड्यापासून आमच्या गल्लीतला टँकर बंद झाला. कुणीच त्याला विचारायला गेलं नाही, कारण विचारणार काय?

मी देगलूरला परत जायच्या आधी मास्टरसाब आले. बाळासाठी त्यांच्या बायकोनं शिवलेलं मऊ झबलं घेऊन आले. आप्पा लगबगीनं उठले, टोपी शोधायला लागले. दोघं ओट्यावर बसले. मी चहा टाकायला वळले तर मास्टरसाब म्हणाले, "चाय नको बेटी. पानी जपून वापर."

मला राहवलं नाही. तिथंच उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. लंगोटाचं, अव्वाच्या मनगटाचं, मी ओरडल्याचं. म्हटलं, "मास्टरसाब, आप्पांना मी पाठवलं. खरं सांगते, मी पाठवलं." जगात निदान एका माणसानं माझं खरं मानावं असं मला फार वाटत होतं.

त्यांनी मानलं. मान हलवून म्हणाले, "मला ठाऊक हाय. गुरुजी शालीसाठी जानारे न्हाईत, हे मला कुनी सांगायला पायजे का? तुझ्या जागी माझी बेटी असती तर मीबी गेलो असतो. त्या गोष्टीचा मला राग न्हाई."

मला हायसं वाटलं. पण ते थांबले नव्हते. आवाज न चढवता, उलट थोडे संकोचून, पुढं म्हणाले, "तवा टँकर तुमच्या दारात यायचा. आमच्या गल्लीत वळायचा न्हाई. आमची ही रोज घागर घेऊन गिरणीच्या कोपऱ्यावर उभी ऱ्हायची. टँकरवाल्याला मागायची तिची हिंमत न्हवती. ती म्हनायची, गुरुजींच्या घरचं कुनी बघंल. दुपार झाली की तशीच परत यायची. मी तिला म्हनलं, बाळंतिणीचं घर हाय, त्यांच्या ध्यानात आलं नसंल. म्हनलं ना, राग न्हाई." मग बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून ते उठले.

आप्पा त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. त्या सगळ्या प्रकरणात त्यांनी मला एक शब्दही विचारला नव्हता. तेवढं एकदाच विचारलं, "तुला दिसायची का ती?"

आमच्या न्हाणीच्या झरोक्यातून गिरणीचा कोपरा सरळ दिसतो. मी बाळाला दिवसातून दोनदा आंघोळ घालत होते, आणि दोन्ही वेळा कढत पाणी विसणायला तिथंच उभी असायची. घरी येईल त्या प्रत्येकाला कबुली दिली, पण एक घागर पाणी त्या कोपऱ्यापर्यंत न्यावं असं मला एकदाही सुचलं नाही. बुरख्यातली बाई कोण ते कळलं नाही, असं आप्पांना सांगता आलं असतं. त्यांनी ते मानलंही असतं.

मी म्हटलं, "हो, रोज दिसायची."