उतरायचं कुणासाठी

सुरतेतल्या नवागामच्या चाळींत सायकल चालवणारी पहिली बाई भागीरथी. आज कुणालाही विचारा, छाती पुढे काढून सांगेल की तिला आम्हीच शिकवलं. साफ खोटं. शिकवायला एकही पुरुष पुढे आला नव्हता. उलट ज्याला जमेल त्याने तिला सायकलवरून खाली उतरवलं, आणि तेही कसं, तर गोड बोलून.

भागीरथी खान्देशातल्या पारोळ्याकडची. लग्न होऊन सुरतेला आली आणि धाग्यादोऱ्यांत अडकली. नवरा वाल्मिक लूमवर कायमचा रातपाळीला. सासरे नव्हते. सासू प्रमिलाबाई बोलायला तिखट, पण मनात काही ठेवणारी नव्हे. भागीरथी पर्वत पाटियाजवळच्या एका कारखान्यात साड्यांचे सुटे धागे कापायला जायची. बसून करायचं काम, पण पोचण्यातच जीव निघायचा. शटल रिक्षात बसावं तर रिक्षावाला माणसं गोण्यांसारखी कोंबणार, आणि कुणाचं कोपर कुठे लागतंय हे बाईने बोलायचं नाही. एकदा तिने एका कोपराला चापट मारली आणि भर रस्त्यात रिक्षातून उतरली. तेव्हापासून ती पायी जायची.

पायी जाणंही सोपं राहिलं नव्हतं. प्लेगच्या साथीनंतर शहर झाडूनपुसून लख्ख झालं, रस्ते रुंद झाले, सगळ्यांनी कौतुक केलं. करावंच. पण रुंद रस्त्यावर टेम्पो आणि स्कूटर सुसाट सुटले, आणि पायी चालणाऱ्याची कडेची हक्काची जागा त्या रुंदीतच गडप झाली. रस्ता कुणासाठी केला, हे चालणाऱ्याला कुणी विचारलं नाही. भागीरथी रोज धापा टाकत पोचायची आणि तरी उशीर व्हायचा. कारखान्याचा मुकादम उशिरा आलेल्या बाईला दारातूनच परत पाठवायचा. हे असंच चाललं तर काम हातचं जाणार, हे तिला कळून चुकलं होतं.

आणि घरात सायकल होती. वाल्मिक सकाळी रातपाळी करून यायचा, सायकल भिंतीला टेकवायचा आणि आडवा व्हायचा. दिवसभर ती नुसती उभी. भागीरथीला त्या उभ्या सायकलीचा राग यायला लागला. एका सुट्टीच्या दिवशी तिने वाल्मिकला स्पष्ट सांगितलं की तू झोपतोस तेवढा वेळ ही माझी. वाल्मिक भला माणूस, त्यात झोपेत. तो हो म्हणाला.

अडचण एकच, सायकल पुरुषी होती, मधे आडवा दांडा. पाचवारी साडीत पाय टाकायची सोय नाही. तोड काढली प्रमिलाबाईंनी. त्यांनी ट्रंकेतून स्वतःचं नऊवारी लुगडं काढलं, सुनेला काष्टा घालून दिला आणि म्हणाल्या की याच्यावर आम्ही शेतात बैल हाकलेत, सायकलीचं काय घेऊन बसलीस. मग रेल्वेलाइनीपलीकडच्या मोकळ्या जागेत सून पायडल मारतेय आणि सासू मागे कॅरिअर धरून पळतेय, असा तमाशा नवागामने पाहिला. प्रमिलाबाईंना स्वतःला सायकल येत नव्हती, त्यामुळे त्या सांगायच्या ते सगळं चुकीचं असायचं. तरी भागीरथी शिकली. गुडघे सोलपटले, पण शिकली.

आता भावकी गप्प बसेल कशी? भावकीत सगळ्यांत वडील सुकदेव बाबा, वाल्मिकचे चुलत आजोबा. त्यांनी दोघी सासवासुनांना बोलावून घेतलं. सुनेने बोचक्यासारखं घरात बसावं असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पण बाईमाणूस उंचावर बसून पुढून जाणार आणि आम्ही खाली बसून बघणार, हे शोभतं का, असा त्यांचा प्रश्न. उत्तर भागीरथीनेच दिलं, आणि तिथेच ती फसली. गावाकडे सून बैलगाडीतून जाताना सासरचं वडीलधारं माणूस समोर आलं तर ती गाडीतून उतरते, डोक्यावर पदर घेते, ते पुढे गेलं की पुन्हा चढते. भागीरथी म्हणाली की मी सायकलवरूनही तशीच उतरेन. सायकल चालवीन, पण मान मोडणार नाही.

बाबा खूश. घरी आल्यावर प्रमिलाबाई एवढंच म्हणाल्या की पोरी, गावात वाटेवर एक सासरा भेटायचा, इथे अख्खा खान्देश रस्त्यावर उभा आहे.

तसंच झालं. चाळीच्या तोंडाशी बाबांची खाट, तिथे उतर. पुढे चहाच्या टपरीवर वाल्मिकच्या मामाच्या गावचे दोघे, तिथे उतर. लूमच्या फाटकाशी जेठ, म्हणजे नात्यातले थोरले दीर, पानाच्या गादीपाशी मावससासरे. बसतेय न बसतेय तोच पुन्हा उतरायचं, पदर सारखा करायचा, सायकल ढकलायची. पुढे पुढे तर पुरुषांना चटकच लागली. किरण नावाचा एक पोरगेलासा गडी होता, मिसरूड नुकतं फुटलेलं, पण गावच्या नात्याने तिचा चुलत सासरा लागायचा. तो मुद्दाम कोपऱ्यावर येऊन उभा राहायचा आणि ती उतरली की घसा खाकरून आशीर्वाद द्यायचा. मित्र हसायचे. भागीरथी दात ओठ खाऊन उतरायची, कारण शब्द दिला होता. सायकल असूनही ती कारखान्यात पूर्वीइतकीच उशिरा पोचायला लागली, आणि मुकादमाने तिला दोनदा दारातून परत लावलं. पुन्हा उशीर झाला तर येऊच नको, असं त्याने गुजरातीत सुनावलं. ते कळायला गुजराती यायची गरज नव्हती.

मग ते घडलं. पर्वत पाटियाच्या चौकाआधी भर वाहत्या रस्त्यावर तिला कडेला एक म्हातारा दिसला. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. सुकदेव बाबांच्या मेहुण्यासारखाच दिसला. उतरायची सवय आता अंगात इतकी मुरली होती की डोक्याने विचार करायच्या आत पाय खाली आले. एक हात हँडलवरून पदराकडे गेला. मागून येणाऱ्या टेम्पोला काय माहीत की इथे कुणाचा तरी मेहुणा उभा आहे! धक्का लागला तो निसटता, नाहीतर ही गोष्ट सांगायला उरली नसती. भागीरथी खडीवर पडली, गुडघा फुटला, चाक वाकडं झालं.

तो म्हातारा कुणाचाच मेहुणा नव्हता. वालपापडीच्या शेंगा विकणारा कतारगामचा पटेल होता. त्याने टोपली खाली ठेवून तिला उठवलं, पाणी पाजलं आणि विचारलं, “बेन, चालती सायकले केम उतर्या?”

चालत्या सायकलवरून का उतरले, हे भागीरथी त्याला काय सांगणार? तुम्ही माझे सासरे वाटलात म्हणून? गुडघ्यातून रक्त वाहत असताना तिला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की दुखणंच विसरलं. इतके दिवस आपण कुणासाठी उतरत होतो, हा प्रश्न तिने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला विचारला.

संध्याकाळी भावकी जमली. सगळे हळहळत होते, आणि त्या हळहळीच्या आड सुटल्यासारखं वाटत होतं ते लपत नव्हतं. बाईच्या जातीला हे झेपत नाही, आम्ही आधीच म्हणत होतो, देवाने थोडक्यात वाचवलं. वाल्मिक मान खाली घालून ऐकत होता. शेवटी सुकदेव बाबांनी निकाल दिला.

“आते सायकल बंद.”

भागीरथी गुडघ्याला फडकं बांधून दाराशी बसली होती. ती भिंतीला धरून उठली. तिचा आवाज चढला नाही, पण सगळ्या चाळीने ऐकला.

“मी सायकलवरतीन पडनी नई, बाबा. तुमले मान देवाकरता उतरनी, म्हणीसन पडनी. आते सायकल मी चालाडसू. उतरनार मात्र नई.”

कुणी काही बोलायच्या आत प्रमिलाबाईंनी सगळ्यांना चहा विचारला. चहा नको म्हणत एकेक जण उठून गेला.

फुटका गुडघा पाहून मुकादमाने तो एक दिवस माफ केला. गुडघा भरेपर्यंत ती लंगडत पायी गेली, पहाटेचं निघून. वाल्मिकने चाक सरळ करून आणलं. न सांगता आणलं, हे विशेष. मग एका सकाळी भागीरथीने काष्टा घातला आणि सायकल बाहेर काढली. चाळीच्या तोंडाशी बघते तर बाबांनी खाट भिंतीजवळून ओढून गल्लीच्या मधोमध आडवी टाकलेली, आणि वर स्वतः मांडी घालून बसलेले. दोन्ही बाजूंनी सायकलच काय, बकरीसुद्धा जाईना. खाटेमागे किरण आणि त्याचे मित्र. ओट्याओट्यावर बायका उभ्या. बाईला उतरायलाच लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

भागीरथीने ब्रेक दाबला. एक पाय शेजारच्या ओट्यावर टेकवला. सीट सोडली नाही. पदराकडे हात गेला नाही.

“बाबा, संध्याकाळले घर ईसन तुमना पाया पडसू. रस्तावर मी उतरनार नई.”

बाबांनी चंची उघडली आणि तंबाखू मळायला घेतली, जसं काही समोर कुणी नाहीच. वेळ जात होता, आणि मुकादमाचं दार कुणासाठी थांबत नसे. आणि मग प्रमिलाबाई आल्या. त्यांनी लुगड्याचा ओचा खोचला, चुलत सासऱ्यांच्या समोर डोक्यावर नीट पदर घेतला, वाकून त्यांना नमस्कार केला आणि खाटेचा एक खूर उचलला. दुसरीकडून समोरच्या घरातली उषाबाई आली. ही उषाबाई बाबांची सख्खी नातसून, आजवर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आजही ऐकला नाही. तिने गुपचूप दुसरा खूर उचलला. बाबा अंगाने हलकेच होते. त्या दोघींनी खाट बाबांसकट वळवून भिंतीला लावली. बाबांच्या तळहातावरची तंबाखूसुद्धा सांडली नाही.

किरणने घसा खाकरला. भागीरथीने पायडल मारलं ते त्याच्या इतक्या जवळून, की चुलत सासरेबुवांना उडी मारून बाजूला व्हावं लागलं. त्या दिवशी ती कारखान्यात पहिली पोचली. मुकादमाने घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि कुलूप काढलं.

संध्याकाळी ती शब्दाप्रमाणे बाबांच्या घरी गेली. सायकलवरच गेली. आत बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. भागीरथीने डोक्यावर पदर घेतला, जमिनीला कपाळ टेकलं आणि वाट पाहिली. बाबांनी वळून पाहिलं नाही, आशीर्वादाचा शब्द तोंडातून काढला नाही. आतल्या खोलीत बायका भांडी थांबवून ऐकत होत्या. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं. याच म्हाताऱ्याने लग्नानंतर सुरतेच्या स्टेशनवर तिची ट्रंक डोक्यावर घेतली होती. पण वाईट वाटलं म्हणून पाय मागे घ्यावेत असं काही तिला वाटलं नाही.

“आशीर्वाद नका देऊ, बाबा,” ती उठत म्हणाली. “पण उद्या खाट घरमा ठेवज्यात. उद्या सायकलवर आम्ही दोन जणी सेत, मांगे तुमनी नातसून.”

एवढं बोलून ती बाहेर आली, आणि बाबांच्याच ओट्यावर पाय देऊन सायकलवर बसली.