दातपडक्या भारी की फौजदार?

मिरजेच्या स्टँडवर आप्पांनी माझी बॅग शेवटपर्यंत खांद्यावरून उतरवली नाही. मुंबईची गाडी लागली, कंडक्टर ओरडायला लागला, तरी हे आपले तसेच उभे. माझे वडील शाळेत पी.टी.चे मास्तर, तरुणपणी कबड्डी गाजवलेले. रडणं वगैरे त्यांच्या खात्यात नव्हतंच. ते काम आई करत होती, आणि आप्पा सूचना देत होते. "कुणाच्या अध्यात जाऊ नको. पण कुणी अंगावर आलंच, तर मागं सरायचं न्हाई." मी डॉक्टरकीची नोकरी करायला आयर्लंडला निघाले होते, फडात उतरायला नाही. पण हो म्हटलं. हो म्हटल्याशिवाय बॅग मिळाली नसती.

आता इथे लिमरिकमध्ये माझ्या अंगावर येतं ते फक्त ड्युटीचं रोस्टर. आणि खरं सांगते, मी मागे सरते. दमलेय हो. तुम्ही मिरजेत राहिलेले सगळे विचारता, तिकडे रविवारी काय मज्जा करता? आणि माझ्यासारखे इकडे आलेले तुम्ही, तुम्हाला तर माहीतच आहे. आठवड्याचे कपडे धुतो आणि घरी फोन लावतो.

आमच्या घरी हा फोन म्हणजे एक वाद असतो. जगातला सगळ्यात दणकट मारामारी करणारा हॉकीपटू कोण? हसू नका. माझा नवरा मंदार मूळ पुण्याचा, पण इथे यायच्या आधी काही वर्षं कॅनडात होता. तिथून आइस हॉकीचं वेड घेऊन आला. त्या खेळात म्हणे पूर्वी प्रत्येक टीमकडे एक राखणदार असायचा. गोल करणं त्याचं काम नाही. तो बहुतेक वेळ बाकावरच. आपल्या गोल करणाऱ्या पोराला कुणी आडवं केलं की याने उठायचं, हातमोजे खाली टाकायचे आणि त्या माणसाला ठोकायचं. एक जण पडला की थांबायचं, पडलेल्याला मारायचं नाही. मग दोघांनी पाच मिनिटं शिक्षेच्या बॉक्समध्ये जाऊन गप्प बसायचं. वेळ संपली की दार उघडतं.

आई गेली त्या वर्षी आप्पा आमच्याकडे राहायला आले. व्हिसा तीनच महिन्यांचा. सुरुवातीला कुणाशी बोलेनात. नुसते खिडकीपाशी बसून शेजाऱ्यांच्या गाड्या बघायचे. मंदारला काही सुचेना म्हणून त्याने लॅपटॉपवर जुन्या मारामाऱ्या लावल्या. आप्पांनी चष्मा पुसला. "आयला! ह्याचा पगार देत्यात ह्यांना?" आई गेल्यापासूनचं त्यांचं ते पहिलं धड वाक्य. मला तेव्हा हसू आलं आणि रडूही आलं.

इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी बारशीच केली. मंदारचा लाडका तो डोंगराएवढा गडी फौजदार झाला. आप्पांचा लाडका मात्र एक मध्यम बांध्याचा, पुढचे दात गेलेला माणूस. तो दातपडक्या. मंदार म्हणायचा, अहो आप्पा, फौजदार कधी हरलाच नाही. आप्पा म्हणायचे, "मारतो किती ते बघू नका जावईबापू. खातो किती आणि उठतो किती, ते बघा." यावर तास जायचा. चहा गार व्हायचा.

माझं आणि मंदारचं एकदा चांगलंच वाजलं, भांडी कुणी घासायची यावरून. आप्पा उठले आणि त्यांनी मला जिन्यावर बसवलं. मंदारला हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारी टॉवेल वाळवायचं जे कपाट असतं ना, त्यात कोंबलं. "बसा गप. वेळ झाली की मी दार उघडतो." आतून मंदार इथल्या आयरिश लोकांसारखा म्हणाला, "आप्पा, इथे ग्रँड आहे, झकास, मी राहतो इथेच." भांडण तिथेच संपलं.

तीन महिने झाले आणि ते परत गेले. तुम्ही म्हणाल, ठेवून का नाही घेतलं? अहो, ते काय आपल्या हातात असतं का! आणि त्यांनाही राहायचं नव्हतं. एकटे राहायला लागले. रविवारी फोनवर दातपडक्या आणि फौजदार सुरूच. मी विचारायचे, आप्पा, जेवलात का, गुडघा कसा आहे? "ते ऱ्हाऊ दे, जावयाला दे फोन."

मागच्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले. मला शेजारच्या काकूंकडून कळलं. मी फोनवर तोंड सोडलं, तर म्हणतात कसे, "पडलेल्याला मारायचं नसतं, नियम हाय." मी दिवसभर सोबत राहणारी एक बाई लावून दिली. आप्पांनी पळवून लावली. दुसरी लावली, तीही पळवली. मी इथे दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना हात धरून उठवते, चालवते, आणि माझा बाप तिकडे ओल्या फरशीवर एकटा. ही गोष्ट मला जेवताना आठवते, गाडी चालवताना आठवते. राग येतो. कुणावर, ते कळत नाही.

परवाच्या रविवारी वाद नेहमीसारखाच सुरू झाला. फोन स्पीकरवर होता, मी ओटा पुसत होते. मधेच आप्पांनी विचारलं, "जावईबापू, त्या दातपडक्याचं शेवटी झालं काय?"

मंदार म्हणाला, "काही नाही. एक दिवस स्वतःच कोचला सांगितलं, आता मला होत नाही. आणि थांबला."

"सोताहून सांगितलं?"

"हो."

  मग आप्पा म्हणाले, "पोरीला दे."

मी ओल्या हातानेच फोन घेतला.

"ती दुसरी बाई हाय का गं अजून मोकळी? तिला सांग यायला." मग हळूच, "मलाबी होत न्हाई आता एकट्याला. पण पहिल्या दिवशी तू पायजेस. त्या बाईला दार तू उघडायचंस. तोवर मी बसतो बॉक्समदी. गप."

दुसऱ्या दिवशी मी कन्सल्टंटला, म्हणजे आमच्या वॉर्डच्या मोठ्या डॉक्टरला, म्हटलं, मला घरी जायचंय. तो म्हणाला, जा की, ड्युटी संपतच आलीये. त्याचंही बरोबर. संध्याकाळी मी जाते तेही घरच, किल्ली माझ्याकडेच असते. पण जिथे कुणी आपल्यासाठी बसून राहिलंय, त्या घराला आपण नुसतं घर म्हणतो आणि समोरच्याला कळत नाही. मी म्हटलं, ते नाही. मिरजेला.

तिकीट काढलं आणि आप्पांना फोन केला. म्हटलं, पुढच्या शनिवारी पोचते, तोवर ओल्या फरशीवर एकटे जाऊ नका.

"सावकाश ये," म्हणाले. "बसलोय की मी."