गार मशीनची परीक्षा

माझ्या मामाने आयुष्यात विश्वास ठेवला तो एकाच गोष्टीवर, स्वतःच्या उजव्या तळहातावर. जुना छोटा डिझेल ट्रॅक्टर घ्यायचा असला की लोक त्याला पारख करायला सोबत न्यायचे. मामा विकणाऱ्याला नमस्कारसुद्धा न करता सरळ इंजिनावर हात ठेवायचा. कोमट लागलं की मागे फिरायचा. "चला. यांनी आधीच तापवून ठेवलंय." म्हणून लोक त्याला थर्मामीटर म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं.

त्याचं अगदीच चूक नव्हतं. आतून झिजलेलं मशीनही एकदा गरम झालं की गुणी बाळासारखं चालू होतं. खरी परीक्षा थंडीतल्या सकाळी, रात्रभर गार पडलेल्या मशीनची. ते हँडल मारूनच चालू करायचं, पण आत कोंडलेली हवा हँडल फिरूच देत नाही. त्यासाठी वर एक खटका असतो. तो उचलला की आतला दाब सुटतो आणि हँडल मोकळं फिरतं. दहा-बारा फेरे जोरात मारायचे, वेग आला की खटका पाडायचा. दम असलेलं मशीन तिथल्या तिथे पकडतं. नसलेलं पांढरा धूर ओकून गप्प बसतं.

दोन वर्षांपूर्वी वेग यायच्या आतच खटका पडला, हँडल उलटं फिरलं आणि मामाचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण थंडीत अजून ठणकायचं. हे त्याने बाहेर कळू दिलं नाही. गिऱ्हाइकं दुसरा माणूस शोधतील, हा संशय. संशय तर काय, त्याच्या पाचवीलाच पुजलेला. मामीने चहात साखर नीट घातली तरी विचारायचा, "आज काय काम काढलंयस?"

बाबा गेल्यावर आमचा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. मशीन पडून पडून जाम होऊ नये म्हणून आई दर रविवारी स्वतः हँडल मारून तो चालू करायची. महिनाअखेर ती घर सोडून माझ्याकडे राहायला येणार होती. बाबांचा ट्रॅक्टर कुणाच्या तरी कामात राहावा, एवढीच तिची इच्छा. भंगारवाला दर आठवड्याला डोकावून जायचा आणि ती त्याला दारातूनच वाटेला लावायची. अखेर एका रोपवाटिकावाल्याने बघायला येतो म्हणून कळवलं. पारख करायला तो आणणार होता कुणाला? थर्मामीटरला!

"ही माझी सख्खी बहीण," मामाने शेडच्या दारातच सांगून टाकलं. "पण मशीनला नातं नसतं." मी कौतुकाने हसले. मूर्खच मी.

मामाने इंजिनावर हात ठेवला आणि त्याचा चेहराच बदलला.

"ताई, तापवलंयस?"

"अरे, ऐक तर..."

"हो की नाही, तेवढं सांग."

"हो. पण मी..."

"झालं!" मामा रोपवाटिकावाल्याकडे वळला. "माझी बहीण असली म्हणून काय झालं? गार असताना चालू होत नसणार, म्हणून हा उद्योग. चला."

दोघं निघून गेले. आई हातातल्या फडक्याच्या नुसत्याच घड्या घालत उभी राहिली. मला इतका राग आला की मी अनवाणीच फाटकापर्यंत धावले.

"मामा, तुझ्या मनगटासाठी तापवलं तिने! एवढ्या थंडीत तुला गार मशीनशी झटापट नको म्हणून पहाटे उठली ती!"

मामाने वळून बघितलं. मला वाटलं, आता विरघळेल. तर म्हणाला, "हे तुला तिने सांगितलं, की तू आत्ता जुळवलंस?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो एकटाच आला. आल्याआल्या इंजिनावर हात ठेवला; रात्रीतून पुन्हा तापवलं असेल तर! इंजिन बर्फासारखं गार होतं. त्याने खटका उचलला, दात आवळून बारा फेरे मारले, खटका पाडला. पहिल्याच दणक्याला मशीन धडधडायला लागलं. मामाने मनगट छातीशी धरलं. मग "त्याला सांगून येतो," एवढंच आईला म्हणून रोपवाटिकेकडे निघाला. मीही मागोमाग गेले. मला ऐकायचंच होतं.

रोपवाटिकावाला रोपांना पाणी घालत होता. मामाने सगळं सांगितलं. मशीन ठणठणीत आहे, चूक माझी, आत्ता चला, गार होऊ द्या आणि स्वतः हँडल मारून बघा. ऐकता ऐकता तो माणूस गालातल्या गालात हसायला लागला.

"काल तापवलंय म्हणालात. आज ठणठणीत म्हणता. रात्रीतून बहीण-भावाचं जमलं वाटतं?"

"अहो, मी खोटं कशाला बोलू?"

"ते मला काय माहीत? विकणाऱ्याच्या नातेवाइकाचं ऐकायचं नाही, हे मला तुम्हीच सांगितलंत ना."

मामा तसाच माघारी वळला. आणि थर्मामीटरने नापास केलेल्या ट्रॅक्टरकडे दुसरं कुणी फिरकणार नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही परतलो तेव्हा आई शेडच्या पायरीवर बसली होती.

"काय म्हणाला?"

"म्हणतो, बहिणीने पढवून पाठवलंय." मामा तिच्या शेजारी टेकला. "ताई, मी खरं सांगतोय गं! खरं सांगतोय आणि समोरचा ऐकूनच घेत नाही. कसं होतं माहितीये माणसाचं?"

"माहितीये," आई म्हणाली. "कालपासून." आणि भंगारवाल्याला फोन लावायला ती आत गेली.