कांद्याच्या गोणीतली शिवराई

हौसेराव पिसाळांचा कुणावर विश्वास नाही, हे कोपरखैरण्याच्या त्यांच्या सोसायटीत दूधवाल्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. भाजीवाल्यानं तराजूत टाकलेला टोमॅटो ते पुन्हा उचलून खालून बघतात. त्यांच्या बायकोचं, सत्यभामाबाईंचं, म्हणणं असं की लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर यांनी आधी मला नीट निरखून घेतलं, दाखवली तीच मुलगी आहे ना म्हणून, आणि मगच हार घातला. हौसेराव हे नाकारत नाहीत.

त्यांची तरी चूक काय म्हणावी. पाटण तालुक्यातलं गाव सोडून ते अठराव्या वर्षी माथाडी झाले आणि पस्तीस वर्षं तुर्भ्याच्या बाजारात पाठीवर कांद्याच्या गोण्या वाहिल्या. गोणीच्या तोंडाशी मुठीएवढा देखणा कांदा आणि तळाला नुसती गोल्टी, म्हणजे बारका कांदा, हे त्यांनी किती वेळा पाहिलं असेल त्याला गणती नाही. व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ताकास तूर लागू द्यायचे नाहीत, तेही त्यांनी पाहिलं. एवढं पाहून माणूस भोळा राहिला असता तर त्याला माणूस नव्हे, देव म्हटलं असतं, आणि हौसेराव देव नक्कीच नाहीत.

अशा माणसाला निवृत्तीनंतर छंद लागला तो मोबाईलवरून जुनी नाणी विकत घ्यायचा. न बघितलेल्या माणसाकडून, हातात न घेतलेली वस्तू. याचं मूळ एका गोणीत होतं. बाजारातल्या शेवटच्या वर्षी एक गोणी रिकामी करताना तळच्या मातीत त्यांना एक तांब्याचं नाणं सापडलं. सावळं, काठाला हिरवट, एका अंगाला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’. माल घेऊन आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्यांनी ते दाखवलं. तो म्हणाला, “ठेव बाबा. माझ्या वावरात असल्या शिवराया निघत्यात अधनंमधनं. तुझ्या हाताला आली, तुझी.” पस्तीस वर्षांत त्या बाजारानं हौसेरावांना कष्टाशिवाय दिलेली ही एकच गोष्ट होती. त्यामुळे पुढं त्यांच्याकडे सत्तर-पंचाहत्तर नाणी जमली तरी जीव होता तो या एक नंबरच्या पाकिटावर.

पाकिटं आणि नंबर ही सुनेची कामगिरी. तेजश्री वाशीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. रक्ताच्या बाटल्यांवर नंबर चिकटवण्यात तिचा अर्धा दिवस जातो. सासऱ्यांनी नाणी श्रीखंडाच्या डब्यात एकत्र खुळखुळत ठेवलेली बघून तिच्या अंगावर काटाच आला. तिनं प्रत्येक नाण्याला कागदी पाकीट केलं, त्यावर नंबर टाकला आणि प्रत्येकाचे चार फोटो काढले: पुढून, मागून, काठ, आणि चौथा सोनाराकडच्यासारख्या छोट्या काट्यावर ठेवून, वजनाचा आकडा दिसेल असा. हे सगळं तिनं टॅबमध्ये लावून दिलं. शिवाय ‘नमुने’ नावाचा वेगळा अल्बम केला. त्यात पुस्तकांतले आणि संग्रहालयांच्या साइटवरचे अस्सल नाण्यांचे फोटो. कुठलीही जाहिरात आली की हौसेराव नमुन्याशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघायचे.

दुपारी तीनला ती लॅबमधून आली की चहाचे दोन कप घेऊन सासऱ्यांच्या खोलीत बसायची. पार्सल आलेलं असलं तर हौसेराव चाकूनं ते फोडायचे आणि ती मोबाईलवर व्हिडिओ काढायची, विकणाऱ्यानं उद्या हात वर केले तर पुरावा असावा म्हणून. “रंगाला भुलू नगंस, पोरी,” ते तिला सांगायचे. “रंग काय, कुनीबी चढवतंय. अक्षर बघ. छाप कुठं तुटलाय ते बघ.” ती शहाण्या विद्यार्थिनीसारखी ऐकायची. मुलगा रणजीत बेलापूरच्या सरकारी कचेरीतून यायचा तो आंबलेला. नाण्यांचा विषय निघाला की “आबा, टेन्शन नका देऊ” म्हणून टीव्ही लावायचा. सत्यभामाबाईंना तर त्या डब्याचं सोयरसुतकच नव्हतं. त्या घरात हौसेरावांचं वेड कळणारं माणूस एकच होतं आणि ते परक्या घरातून आलेलं होतं, याचं त्यांना मनातून फार अप्रूप होतं.

यंदा दिवाळीच्या तोंडावर गावी त्यांच्या भावाचा पाय मोडला. हौसेराव वसुबारसेला गेले ते भाऊबीज उरकून परतले. आल्यावर हातपाय धुऊन त्यांनी डबा उघडला आणि एक नंबरचं पाकीट तळहातावर उलटं केलं. हातात पडलं ते लालचुटूक, नव्या कळशीसारखं चकाकणारं नाणं.

त्यांनी टॅब काढला. फोटोतलं नाणं सावळं, काठाला हिरवं. हातातलं लाल. काट्यावर ठेवलं तर वजनही फोटोतल्या आकड्यापेक्षा थोडं कमी भरलं. पस्तीस वर्षं वजनाशी संसार केलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. तळाला गोल्टी. कुणीतरी अस्सल काढून घेऊन नकली ठेवलं होतं.

त्यांनी घरात चकार शब्द काढला नाही. चोराला सावध करायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. मग त्यांनी आपल्या मोबाईलमध्ये त्या नाण्याचे फोटो शोधले. टॅबमध्ये होते तसेच मोबाईलमध्येही होते, त्यांना पक्कं आठवत होतं. आता नव्हते. नुसते त्याचेच नव्हे, कुठल्याच नाण्याचे नव्हते. त्यांनी संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं तेव्हा तेजश्री म्हणाली, “स्टोरेज फुल झालेलं, मामा. मीच उडवले. टॅबवर आहेत ना सगळे.” बोलताना ती पोळ्या लाटत होती आणि तिनं वर पाहिलं नाही. पोळी लाटणारं माणूस वर बघत नसतं, पण हौसेरावांनी ते वेगळ्या खात्यात टाकलं.

आणि एकदा पाल चुकचुकली की ती थांबत नाही. डबा कुठं असतो हे कुणाला माहीत? तिला. टॅबचा पासवर्ड कुणी घातला? तिनं. कुठल्या नाण्याला बाजारात किती मागणी आहे हे कुणाला कळतं? आपणच शिकवलं, तिला. त्यातच लॅबमध्ये डेंग्यूच्या तपासण्या वाढल्या. ती पाच-साडेपाचला यायला लागली आणि दुपारचा चहा बंद पडला. हौसेरावांच्या मते ती तोंड चुकवत होती. त्यांना राग आला होताच, पण रागापेक्षा वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय हे कबूल करायला नको म्हणून ते आणखी रागावत होते.

आठवड्याभरात त्यांना हवं ते सापडलं. मोबाईलवर जाहिरात आली: जुनी शिवराई, सातारा भाग. फोटो धूसर होता, पण नाणं सावळं आणि काठाला हिरवं. विकणारा दिघ्याचा, म्हणजे चार स्टेशनांवरचा. हौसेरावांनी चष्मा पुसून एका बोटानं मेसेज टाकला, नाणं कुठून मिळालं म्हणून. उत्तर लगेच आलं: “घरातलं जुनं कलेक्शन आहे काका. एका लेडीजने विकायला दिलंय.” असले विकणारे हेच उत्तर सगळ्यांना देतात आणि हे हौसेरावांना शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण त्या दिवशी त्यांनी नमुन्याचा अल्बम उघडला नाही. अक्षरं ताडली नाहीत. जन्मभर गोणीचा तळ उपसणाऱ्या माणसानं वरचा कांदा बघून सौदा केला, कारण तो कांदा त्याच्या मनातल्या संशयासारखाच दिसत होता.

पार्सल आलं ते शनिवारी. त्यांनी ते रविवारपर्यंत उशाशी ठेवलं, सगळे घरी असावेत म्हणून. सकाळी नाश्ता झाल्यावर त्यांनी रणजीतला टीव्ही बंद करायला लावला आणि तेजश्रीला हाक मारली. ती नेहमीसारखा मोबाईल घेऊनच आली. “नवीन घेतलंत? मला दाखवलं नाही ते,” म्हणाली आणि व्हिडिओ सुरू केला.

हौसेरावांनी खोका फोडला, नाणं टेबलावर ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं.

“वळखतीस का हे?”

“शिवराई आहे.”

“कुनाची?”

तिला प्रश्न कळला नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

“माझी हाय,” हौसेराव म्हणाले. “एक नंबरची. माझ्या पाकिटात तू दुसरंच घालून ठेवलंस आन् हे दिघ्याला इकलंस. म्या माझंच नाणं पैसं देऊन परत आनलंय. घरात पैशाची नड हुती तर मागायचं हुतंस, पोरी. न्हाई म्हनलो असतो का?”

रणजीत “आबा” एवढंच म्हणाला. बापाचीही बाजू घेतली नाही आणि बायकोचीही नाही. बंद टीव्हीचा रिमोट हातात फिरवत राहिला. तेजश्रीचा हात अजून मोबाईल धरून होता. तिनं व्हिडिओ बंद केला. ती रडेल असं हौसेरावांना वाटलं होतं, किंवा भांडेल. तिनं दोन्ही केलं नाही. कपाटातून डबा काढला, एक नंबरचं पाकीट काढलं, लाल नाणं त्या सावळ्या नाण्याशेजारी ठेवलं, आणि दोन्हींचे फोटो काढून टॅबवर घेतले. लॅबमध्ये करते तसं, एकेक करून.

“रंग बघू नका, मामा,” ती म्हणाली. “अक्षरं बघा. तुम्हीच शिकवलंय.”

तिनं जुने दोन फोटो मोठे केले, पुढचा आणि मागचा. ‘छत्रपति’मधला छ अर्धा काठाबाहेर गेलेला, ‘शिव’च्या खाली तांदळाच्या दाण्याएवढा टवका. मग पार्सलमधल्या नाण्याचे फोटो. छ अख्खा, टवका नाही, आणि अक्षरांच्या कडा साच्यात ओतलेल्या असाव्यात तशा मऊ. मग लाल नाण्याचे. छ अर्धा. टवका तिथंच. काठाजवळचे ठिपके मोजले तर तेही तेवढेच. हौसेरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांची एक नंबरची शिवराई पाकिटातून कुठंच गेली नव्हती.

“पन मग लाल कशी झाली?” त्यांचा आवाज निम्म्यावर आला होता.

सत्यभामाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. “त्ये व्हय,” त्या म्हणाल्या. “त्ये म्याच घासलं की. तुमी गावाला. लक्ष्मीपूजनाला दरसाल चांदीचा रुपया ठेवतो, यंदा म्हनलं म्हाराजांचं नाव असल्यालं नाणं घरात असताना त्ये डब्यात का? पन असं काळंमिट्ट देवापुढं कसं ठेवायचं? चिंच न् मीठ लावून दोन येळा घासलं, तवा कुठं निघालं. केवढा थर हुता त्यावर.”

शेकडो वर्षांचा थर होता. त्या हिरव्या सावळेपणासाठीच लोक शिवराईला मोल देतात, आणि तेवढंच वजन काट्यावर कमी भरलं होतं. एरवी हौसेरावांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या वेळी ते बायकोला एका शब्दानं बोलले नाहीत. चोरी झाली असती तर बरं झालं असतं, असं एक विचित्र वाक्य त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

तेजश्रीनं लाल नाणं पाकिटात आणि नवं त्याच्या खोक्यात ठेवलं, डबा बंद केला आणि भांडी घासायला गेली.

संध्याकाळी हौसेराव बाजारातून तिच्या आवडीची सीताफळं घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाले, “चुकलं माझं, पोरी. वय झालं. मनावर घिऊ नगंस.” आयुष्यात हे वाक्य ते दुसऱ्यांदा म्हणत होते, पहिल्यांदा कुणाला म्हणाले ते त्यांनाही आठवत नाही. तेजश्री म्हणाली, “असू दे, मामा. होतं असं.” तिनं सीताफळं टोपलीत काढली, एक त्यांना धुऊन दिलं. रागाचा मागमूस तिच्या चेहऱ्यावर नव्हता. हौसेरावांचा जीव भांड्यात पडला.

डेंग्यूची साथ ओसरली, ती पुन्हा तीनला घरी यायला लागली. पहिल्याच दिवशी हौसेरावांनी आवाज दिला. एका व्यापाऱ्याकडे इंदूरचा जुना पैसा आला होता, नमुन्याशी ताडून बघायचा होता, आणि टॅब काही केल्या उघडत नव्हता. तेजश्री चहा घेऊन आली. खोलीच्या उंबऱ्याशी थांबली.

“आत्या,” तिनं स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, “जरा इकडं येता का? मामांच्या खोलीत जायचंय.”

“अगं ये की आत,” हौसेराव म्हणाले. “तिला कशाला बलावतीस? कामात हाय ती.”

“येतील ना. दोन मिनिटं लागतील फक्त.”

सत्यभामाबाई पदराला हात पुसत आल्या, काय झालं म्हणून दोघांकडे बघत पलंगाच्या कडेला बसल्या. मग तेजश्री आत आली. तिनं टॅब उघडून दिला, नमुना काढून दिला, कुठली अक्षरं बघायची ते नीट समजावून सांगितलं. डब्यातून काही काढायचं होतं तेव्हा म्हणाली, “आत्या, तुम्हीच काढून द्या.” काम झालं तशी कप उचलून निघून गेली.

तेव्हापासून रोज असंच चाललंय; तिसरं माणूस साक्षीला असल्याशिवाय ती त्या डब्याच्या खोलीत पाऊल टाकत नाही. सत्यभामाबाईंना यातलं काही कळत नाही. सून आपल्याला मान देते, एवढंच त्या शेजारणीला सांगतात.