सतरंजीवर फुटलेला डाव

हसायचं नाय असं आधी कबूल करा, मगच सांगतो. अशी माती खाल्ली मी, काय सांगू!

मी वाळूजच्या एका कारखान्यात युनियनचा सेक्रेटरी. आमच्याकडं कंत्राटी बाया लई. त्यांच्या लेकरांसाठी पाळणाघर पाहिजे होतं. शबानाबी तर सहा महिन्यांचं पोरगं शेजारणीकडं ठेवून पाळीला यायची. निम्मा जीव घरीच! गेटवर घोषणा देऊन आमचे घसे बसले, कंपनी काय हलंना. शेवटी हर्सूलच्या शैलाताईंची महिला संस्था सोबत घेतली.

ताई म्हणाल्या, "भानुदासभाऊ, घोषणा राहू द्या. नवे मॅनेजर यायला तयार आहेत. सगळे मिळून बसू, बोलू."

आता आमची सभा म्हणजे कशी? स्टेज, हार, माईक! कोण किती मोठा ते खुर्चीवरून कळतं. आन् संस्थेत? समदे सतरंजीवर गोल! पद सांगायचं नाय, आडनाव नाय. छातीवर नुसती नावाची चिठ्ठी. ह्याला काय सभा म्हणत्यात व्हय?

नव्या मॅनेजरचं तोंड मी अजून बघितलं नव्हतं. पण साहेब म्हटल्यावर गाडीतून उतरणार, मागं दोन माणसं असणार! म्हणून माझी नजर दाराकडं.

शेजारी एक गडी बसलेला. साधा शर्ट, अनवाणी, छातीवर 'प्रकाश'. गप आपला. मला वाटलं, नवा कंत्राटी कामगार, बुजलाय बिचारा. झालं! माझ्यातला पुढारी जागा झाला.

"नवा दिसतोस?"

"हो, म्हणजे मी आत्ताच..."

"घाबरू नको, मी हाये. ऐक, डाव सांगतो. पाळणाघराला खोल्या दोन मागायच्या. साहेब नाय म्हणंल. मग आपण लई रुसायचं आन् एकीवर मिटवायचं."

"एकीवर भागेल?"

"भागंल की! पण बोलायचं नाय कुठं."

"अहो, पण मी..."

"तू गप ऐक! असले मॅनेजर छप्पन पाहिलेत मी!"

वर त्याच्या पाठीवर थापही मारली हो!

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "चला, आता मॅनेजरसाहेबांचं ऐकू."

मी दाराकडं बघतोय, आन् शेजारचा उठला!

अरे देवा! वाटलं, सतरंजीखाली जावं. साहेब हसत म्हणाला, "भानुदासरावांनी मला सगळं नीट समजावलंय. एका खोलीवर भागतंय. मंजूर!"

बायांनी टाळ्या पिटल्या. शबानाबीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसता पुसताच तिनं मला गाठलं.

"भाऊ, दो कमरे मांगने के थे ना? एक पे कैसे आ गए?"

काय सांगणार कप्पाळ? म्हटलं, "बसलो, बोललो, झालं."

पण पाळणाघर सुरू झालं बरं का! दुपारच्या सुट्टीत शबानाबी पळत जाऊन लेकराला पाजून येते. बघून लई बरं वाटतं.

आता पगारवाढीचा करार तोंडावर आलाय. परवा आमच्या अध्यक्षांना कंपनीचं पत्र आलं. त्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं:

"चर्चेस युनियनतर्फे कोणीही यावे. भानुदासरावांना मात्र आवर्जून पाठवावे!"